गाजर गवत आणि मिरजेचा माळ



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "माळ." पलीकडून आवाज आला, "सर, म्हणजे जपमाळ का?" तत्त्वज्ञानाच्या माणसाकडून तीच अपेक्षा असणार, त्यांचा दोष नाही. म्हटलं, नाही हो, दंडोब्याच्या पायथ्याला आहे तो माळ. गवताचा. मग जरा शांतता झाली आणि ते म्हणाले, "चालेल सर, पावसाळ्याच्या तोंडावर बरं आहे."

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही हे आधीच सांगतो. माझी डॉक्टरेट न्यायदर्शनातल्या कारणविचारावर आहे. पण गेली चाळीस-एक वर्षं मी मिरजेच्या पूर्वेच्या माळावर चालायला जातो, आणि त्या माळावर माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती आज सांगणार आहे. ती सांगण्यासाठी आधी माळ म्हणजे काय आणि त्यावर आलेला हा पाहुणा म्हणजे काय, हे समजून घ्यावं लागेल.

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलात की कृष्णाकाठची काळी जमीन हळूहळू मागे पडते. ऊस कमी होतो, मुरूम वर येतो. पुढे कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडे जाल तसा पाऊस आणखी कमी. आपल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर, तिकडे त्याहून कमीच. कुठे वीतभर माती, कुठे तेवढीही नाही, खाली काळा फत्तर. अशा ठिकाणी निसर्गतः उभं राहतं ते गवत. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी. मध्येच एखादी बोर, एखादं हिवराचं झाड, तरवडाची झुडपं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं असं आपण म्हणतो ना, ते कुसळ याच कुसळी गवताचं. त्याच्या बीजाला एक लांब शेपटी असते, ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं घुसवून घेतं. आपल्या धोतरात किंवा मेंढरांच्या लोकरीत घुसतं तेही त्याच कौशल्याने.

आता हा माळ कागदावर काय आहे? सातबारा उघडा. पड, पोटखराबा, गायरान. म्हणजे काही नसलेली जमीन. इंग्रजांनी जमिनीची प्रतवारी केली ती महसुलासाठी, आणि ज्यातून सारा येत नाही ती पडीक असा हिशेब ठरला. त्या शब्दाने आपलं फार नुकसान केलं आहे. कारण त्यातून एक समजूत तयार झाली, की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने ते तोडलं, म्हणून गवत उरलं. तेव्हा इथे झाडं लावणं हे पुण्यकर्म. मीही असंच मानत होतो.

अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी एक सुरेख काम केलं. पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी वाङ्मय, लीळाचरित्रापासून ते लोकांच्या तोंडी असलेल्या ओव्यांपर्यंत, त्यांनी वनस्पतींच्या दृष्टीने वाचून काढलं. त्यात जी झाडं-झुडपं येतात त्यातली बरीचशी उघड्या, गवताळ प्रदेशातली आहेत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख गवताचाच होता. आम्ही लीळाचरित्र वर्गात शिकवलं, परीक्षेला प्रश्न काढले, पण त्यात बाभूळ कुठे येते आणि का येते हे कोणी पाहिलं नव्हतं! असो.

गवताची एक खुबी लक्षात घ्या. झाडाचा वाढीचा कोंभ शेंड्याला असतो. बहुतेक गवतांचा तो जमिनीलगत असतो. त्यामुळे मेंढराने वरून खाल्लं, उन्हाळ्यात वणवा गेला, तरी खाली जीव शिल्लक राहतो. ठोंब वाळलेला दिसतो, मेलेला नसतो. मृगाचा पाऊस पडला की त्याच ठोंबातून हिरवं फुटतं. बारीक मुळांचं जाळं ती वीतभर माती धरून ठेवतं. पाऊस जिरतो, वाहून जात नाही. आणि या गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर चंडोल, धाविक, माळटिटवी. हिवाळ्यात थेट मध्य आशियातून भोवत्या ससाणे येतात, ते दिवसा माळावर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. खोकड आहे, ससा आहे, लांडगा आहे. लांडगा आजही जत-आटपाडीकडे आहे, धनगराला विचारा. माळढोक मात्र गेला. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य केलं, तरी तो आपल्या डोळ्यांदेखत गेला म्हणा. आणि या सगळ्यांबरोबर माणूस. माडग्याळी मेंढी ही जत तालुक्यातली, ती या गवतावरच घडलेली जात आहे.

तर अशा या माळावर गाजर गवत आलं. त्याचं नाव गवत असलं तरी ते गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका. आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, आणि त्या नावाच्या दोन कथा आहेत. एक म्हणजे पांढऱ्या फुलांचं ताटवं गांधीटोप्यांच्या सभेसारखं दिसतं म्हणून. दुसरी जास्त प्रसिद्ध: काँग्रेस सरकारने अमेरिकेतून पी.एल. ४८० खाली मिलो-गहू आणला, त्यात हे बी आलं.

ही दुसरी कथा मला एक कारणविचारवाला म्हणून फार आवडते, कारण ती तपासता येते. पुण्यात हे रोप प्रा. परांजपे यांना उकिरड्यावर दिसलं ते १९५१ साली. रा. सु. राव यांनी त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली ती १९५६ मध्ये. आणि भारत-अमेरिका पी.एल. ४८० करारावर सही झाली ती ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे कार्य आधी आणि कारण नंतर! न्यायशास्त्रात कारणाची पहिली अट काय? ते कार्याच्या आधी असलं पाहिजे, पूर्ववृत्ती. ती अटच इथे मोडते. आता अमेरिकेचा गहू त्याआधीही आला होता, १९५१ साली कर्जाऊ, त्यातून बी आलं असू शकतं. शिवाय रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीत या वनस्पतीचं नाव सापडतं असं काही अभ्यासक म्हणतात. बागेत आली असेल, तिथेच संपली असेल. पुढे धान्याच्या पोत्यांतून तिला साऱ्या देशाचे रस्ते मिळाले हे खरं. पण "पी.एल. ४८० ने आणलं" हे जे आपण ठामपणे सांगतो, ते तारखा मांडल्या की डळमळतं.

मिरजेला ते नेमकं कोणत्या वाटेने आलं हे शोधायचा मी नाद सोडला आहे. मिरज जंक्शन आहे. पुण्याहून, कोल्हापूरहून, हुबळीहून, पंढरपूरकडून गाड्या. मातीकामाच्या जागा, रुळाकडेची उघडी खडी, मालधक्क्यावरची सांडलेली पोती. ज्या वनस्पतीला मोकळी उकरलेली जमीन हवी असते, तिला जंक्शनसारखी जागा नाही.

आता माझी चूक.

१९८६ साल. मी तरुण प्राध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी. शिबिर पूर्वेकडच्या एका गावच्या गायरानावर. काम ठरलं वृक्षारोपण. दीड-दीड फुटाचे खड्डे, ओळीने, शेकड्यांनी. रोपं मिळाली ती सुबाभूळ आणि गिरीपुष्प, म्हणजे आपण उंदीरमारी म्हणतो ती. दोन्ही अमेरिकेकडची, पण त्या वेळी कुणाला विचार? लवकर वाढतात, शेळी उंदीरमारीला तोंड लावत नाही, फोटोत हिरवं दिसतं. खड्ड्यांत घालायला शहरातून ट्रॉलीने कचऱ्याचं खत आणलं. भोवती काटेरी तार मारली, मेंढरांना बंदी. शेवटच्या दिवशी भाषणं झाली. त्यातलं एक माझं होतं, विषय "निसर्ग आणि मानव".

दोन वर्षांनी गेलो. एक धनगर म्हातारबा तारेच्या बाहेर काठी टेकून उभे होते. मी विचारलं, "काय बाबा, झाडं बरी आलीत की?" ते म्हणाले, "झाडं आल्यात मास्तर. पर ह्ये काय आलंय ते बघा की. तुमच्या पोरांनी माळ खांदला न्हवं, तवापास्नं हाय ह्ये. आदी न्हवतं. मेंढरू वास घेतंय आन् म्होरं जातंय."

प्रत्येक खड्ड्याभोवती गाजर गवताचा गोल होता. खड्ड्याला खड्डा, गोलाला गोल. दोन ओळींमध्ये अजून कुसळी उभी होती, पण गोल पसरत निघाले होते. बी खतातून आलं होतं. उकरलेली भुसभुशीत माती आम्ही दिली होती. ठोंब आमच्या कुदळीने तुटले होते.

मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. सप्टेंबरात मुलांना घेऊन गेलो, म्हटलं उपटा. फुलावर आलेलं, कंबरेएवढं. उघड्या हातांनी. उपटलेले भारे ओढत ओढत तारेच्या बाहेर नेऊन ढीग घातले. म्हणजे बी आम्हीच बाहेर पेरलं. आणि त्या मुलांपैकी एकाच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर पुरळ उठलं. खाज, लाली, मग कातडी जाड आणि काळी पडत गेली. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा आजार त्याच्या किती तरी आधी माहीत झाला होता. मला माहीत नव्हता, मी विचारला नव्हता. शेतकऱ्याचा मुलगा. एकदा शरीराने या वनस्पतीची ॲलर्जी धरली की ती सहसा सुटत नाही, मग झाड हाताला लागायचीही गरज नाही, वाळलेल्या पानांचा चुरा वाऱ्याने अंगावर आला तरी पुरतो. दर पावसाळ्यात त्याला त्रास. शेवटी त्याने शेती भावाकडे दिली आणि मिरजेत दुकान घातलं. मला भेटला की "सर" म्हणून वाकतो. मला फार अवघड होतं.

हे सांगून झालं. आता शास्त्राकडे वळतो.

गाजर गवत नेमकं काय करतं? पहिली गोष्ट वेळेची. आपली गवतं मृगाची वाट पाहतात. हे वळवाच्या एका सरीवर उगवतं. त्याच्या बीला ठरावीक ऋतू लागत नाही, ओल मिळाली की पुरे. आधी पानांचं चक्र जमिनीला चिकटून पसरतं, ताटलीसारखं. त्या ताटलीखाली कुसळीचं बी रुजलं तरी त्याला ऊन मिळत नाही. महिना-दीड महिन्यात फूल. एका चांगल्या पोसलेल्या रोपाला दहा-पंधरा हजार, कधी त्याहूनही जास्त बिया. बी इतकं हलकं की वारा, ओढा, ट्रॅक्टरच्या टायरचा चिखल, चाऱ्याची पेंढी, काहीही चालतं. मातीत गाडलं गेलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं. आणि पाणी असेल तर वर्षातून एकापेक्षा जास्त पिढ्या. म्हणून म्हैसाळचं पाणी पूर्वेला गेलं तेव्हा द्राक्षबागा आल्या, माणसांचं जिणं सुधारलं, ते पाणी हवंच होतं. पण कालव्याच्या भरावावर बारमाही गाजर गवताची एक रेघही गेली. त्या रेघेवरून दरवर्षी माळावर बी उतरतं.

दुसरी गोष्ट रसायनाची. या वनस्पतीच्या अंगात पार्थेनिन नावाचं द्रव्य आहे. पानं गळून कुजतात, मुळांतून पाझरतं, पावसाने धुऊन मातीत जातं, आणि शेजारच्या बियांचं रुजणं मंदावतं. इतकंच काय, याचे परागकण दुसऱ्या झाडांच्या पानांवर आणि फुलांवर बसले तरी अपाय होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. जनावर हे खात नाही. दुष्काळात पर्याय नसला तर चार तोंडं मारतं, मग दूध कडू येतं. जास्त खाल्लं तर जनावर आजारी पडतं. आणि इथे एक वाईट चक्र सुरू होतं: मेंढरं गाजर गवत सोडून उरलेलं चांगलं गवत खातात. म्हणजे चराई जितकी जास्त, तितका चांगल्या गवतावर मार जास्त आणि गाजर गवताला जागा जास्त.

आणि मग वरची सगळी मांडणी हलते. गवत खाणारा नाकतोडा गेला की त्याच्यावर जगणारे पक्षी दुसरा माळ शोधतात. धाविकाला उघडी जमीन लागते, धावायला आणि अंडी घालायला. कंबरेएवढ्या झाडीत तो काय करणार? हिवाळ्यात गाजर गवत वाळतं तेव्हा खाली जमीन उघडी, कारण त्याच्या सोटमुळाला गवताच्या जाळ्यासारखी माती धरता येत नाही. पुढच्या वळवाला माती ओढ्यात. मी ज्या ओढ्याकाठी बसतो तिथे हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

आता माझ्या विषयातला प्रश्न. गाजर गवताने माळ बिघडवला, की माळ बिघडला म्हणून गाजर गवत आलं?

नैयायिकांकडे एक सुंदर उदाहरण आहे. मडकं झालं. त्याच्या आधी काय काय होतं? माती होती, चाक होतं, काठी होती, कुंभार होता. कुंभाराचा बापही त्याच्या आधी होताच. माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव मडक्याचं कारण का? नाही. ते अन्यथासिद्ध. ते नसतं, दुसऱ्या कुणी माती आणली असती, तरी मडकं झालं असतं. खरं कारण ते, जे आधी नेमाने असतं आणि ज्याच्यावाचून भागत नाही.

परिसरशास्त्रज्ञांचाही असाच एक वाद आहे. आक्रमक वनस्पती ही गाडीची चालक, की नुसती प्रवासी? माझ्या माळावर मी काय पाहिलं? जिथे गवताचे ठोंब दाट होते, तिथे बी येऊनही गाजर गवत फारसं शिरलं नाही. जिथे खड्डा झाला, जिथे चारी खणली, जिथे मुरूम उचलला, जिथे वर्षभर अती चराई झाली, तिथे ते आलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हेच. तिथे हे टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून १९६०च्या सुमारास आलं आणि मोठाली कुरणं खराब झाली. तिथले पशुपालकही शेवटी याच निष्कर्षाला आले, की गवत दाट राखलं तर त्याला आळा बसतो. म्हणजे सुरुवातीला ते प्रवासी. पण एकदा बसलं, की त्याची सावली, त्याचं द्रव्य, त्याच्या बियांचा साठा हे सगळं मिळून ते स्टिअरिंग हातात घेतं. नुसती चराई थांबवून मग भागत नाही. तेव्हा माझं उत्तर असं, की कुदळ हे कारण, बी हे कारण, आणि दोन्ही एकत्र आल्यावाचून कार्य नाही. पी.एल. ४८० चा गहू मात्र मला गाढवाच्या जागी दिसतो. शिव्या त्यालाच बसतात, आणि कुदळीचं नाव कोणी घेत नाही, कारण ती आपल्या हातात होती.

परकी म्हणून वाईट, असं मी म्हणतोय असा समज होऊ देऊ नका. आजकाल देशी-विदेशी म्हटलं की माणसं लगेच भलतीकडे जातात. मिरची अमेरिकेची, शेंगदाणा अमेरिकेचा, मका, बटाटा, पेरू, सीताफळ सगळे तिकडचे. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूही मेक्सिकोचा, गाजर गवताच्याच कुळातला, त्याचा लांबचा चुलतभाऊ. मिरचीवाचून आपल्याकडे जेवण होईल का? पण मिरची शेताचा बांध ओलांडून माळावर जात नाही. आणि उलट, द्राक्षवाल्याला विचारा तुझा शत्रू कोण, तो हराळीचं नाव घेईल. हराळी म्हणजे गणपतीची दूर्वा. तेव्हा "नको तिथे उगवतं ते तण" ही व्याख्या न्यायाच्या भाषेत सदोष. हराळीला लागू पडते म्हणून अतिव्याप्ती. आणि उंदीरमारी आपणच हवी म्हणून लावली, ती तण ठरत नाही, म्हणून अव्याप्ती. माळाच्या दृष्टीने मात्र उंदीरमारी कमी त्रासाची नाही. ती हवेतला नत्र मातीत आणते. शेताला हे वरदान, पण माळाची गवतं गरीब मातीवर जगायला शिकलेली; माती श्रीमंत झाली की त्यांच्यापेक्षा हावऱ्या वनस्पतींचं फावतं. आम्ही लावलेल्या ओळींखाली आज कुसळी शोधून सापडत नाही.

उपायांचं बोलू. आपल्याकडे याचा एक जुना इतिहास आहे, फड्या निवडुंगाचा. तोही अमेरिकेचा. १७९५ साली किरमिजी रंगाचा धंदा काढायचा म्हणून ब्राझीलहून किडे आणले, ते निघाले दुसऱ्याच जातीचे. रंग काही मिळाला नाही, पण त्यांनी निवडुंगाची एक जात खाऊन टाकली. तणावर कीटक सोडण्याचा जगातला हा पहिला प्रकार, आणि तो चुकून झाला. पुढे १९२६ साली श्रीलंकेहून दुसरी जात आणली, तिने काही वर्षांत दक्षिणेतला उरलेला फड्या निवडुंग आटोक्यात आणला. आमच्या आजोबांच्या बोलण्यात निवडुंगाची लाल बोंडं फार यायची, आम्हाला ती क्वचितच पाहायला मिळाली.

त्याच धर्तीवर १९८०च्या दशकात बंगळूरला मेक्सिकन भुंगेरा आणला, झायगोग्रामा. १९८४ पासून सोडला. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात. तुम्ही पावसाळ्यात पाहिला असेल, पांढुरक्या अंगावर काळ्या रेघा. मध्येच आरडाओरडा झाला की तो सूर्यफूल खातो. चौकशी झाली. तपासात दिसलं ते मजेशीर आहे: सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले की भुंगेरा फसतो आणि ती पानं कुरतडतो, त्याचं कुटुंब मात्र सूर्यफुलावर वाढत नाही. तर भुंगेरा उपयोगी आहे, पण पावसाच्या ऐन दिवसांतच. पुढे तो मातीत जाऊन झोपतो, आणि गाजर गवत झोपत नाही. निवडुंगासारखा निकाल त्याने दिला नाही.

धारवाडकडे त्याच काळात तरवडाच्या कुळातली एक वनस्पती पुढे आली, कॅसिया युनिफ्लोरा. टाकळ्याची परदेशी बहीण म्हणा. ती गाजर गवताला रेटून बाहेर काढते हे खरं. लोकांनी बी फेकलं. आज कितीतरी माळांवर तीच माजली आहे, आणि मेंढरं तिलाही खात नाहीत. मी हसत नाही, मला हसण्याचा अधिकार नाही.

शेवटी दोन-तीन प्रश्न आले ते घेतो.

एका भगिनींनी विचारलं, मिठाचं पाणी फवारलं तर? रस्त्याकडेला, पेव्हरच्या फटीत फवारा. माळावर नको, मातीत मीठ राहतं. सगळं मारणारं तणनाशकही तिथे नको, ते गवतालाही मारतं आणि पुन्हा उघडी जमीन गाजर गवताच्याच हाती येते.

दुसरा प्रश्न, मग उपटायचं की नाही? उपटायचं. फूल येण्याआधी, म्हणजे जूनअखेर ते जुलै, जमीन ओली असताना, मुळासकट. हातात जाड मोजे, अंगभर कपडे, नाका-तोंडाला फडकं. ज्याला कातडीचा किंवा दम्याचा त्रास आहे त्याने येऊच नये. फुलाआधीचं उपटलेलं असेल तर त्याचं कंपोस्ट होतं, नंतरचं खतात घालू नका, आम्ही भोगलंय. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात, चांगलं आहे, पण आपल्याकडे तोवर वळवाचं पीक बऱ्याचदा फुलावर आलेलं असतं. थोडं आधी निघा. आणि उपटलेल्या जागी त्याच आठवड्यात मारवेलचे ठोंब लावा. पवन्याचं, शेड्याचं बी दिवाळीच्या आसपास गोळा करून ठेवावं लागतं, ते पुढच्या वर्षी कामी येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात गवतांवर काम चालतं, तिथे मारवेलची चांगली वाणं मिळतील. पण मला विचाराल तर शेजारच्या धड असलेल्या माळावरचंच बी घ्यावं.

तिसरा प्रश्न एका तरुण मित्राचा. तो म्हणतो, सर, आमचा ग्रुप या पावसाळ्यात दंडोब्याच्या बाजूला पाच हजार झाडं लावतोय, रोपं आली आहेत, मग ती काय करू? हा प्रश्न खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. रोपं कुठली आहेत ते आधी बघ. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब असतील तर गावठाणाला, शाळांना, रस्त्याच्या कडेला लाव, तिथे सावली हवीच आहे. ज्या माळावर आज कुसळी उभी आहे तिथे एकही खड्डा घेऊ नकोस. आणि खड्डा घेण्याआधी तिथे मेंढरं घेऊन येणाऱ्या माणसाला विचार की इथे काय उगवतं. आम्ही ८६ साली ते विचारलं नाही. म्हातारबा तेव्हाही तिथेच काठी टेकून उभे असणार.

आणखी एक. त्या जुन्या गायरानावर आता तार राहिलेली नाही. गेली चार वर्षं आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी आणि गावातले दोन मेंढपाळ जुलैच्या पहिल्या दोन रविवारी तिथे जातो. साधारण अर्धा एकर झाला आहे. मधल्या जागेत मारवेल धरला, एका कोपऱ्यात तो परत गेला, तिथे पुन्हा लावणार आहोत. सकाळी साडेसहाला मिरज स्टँडवरून निघतो. मोजे आमच्याकडे आहेत, पाण्याची बाटली आपापली आणावी.